जुन्या वास्तूला नवे काम : ऐतिहासिक इमारतींचे जतन आणि पुनर्वापर

आपल्या निवासी शाळेच्या आवारात शिरताच उजव्या हाताला जी लांबट दगडी इमारत दिसते, तिला जुने विद्यार्थी आजही ‘गोदाम’ म्हणतात. शाळा सुरू झाली तेव्हा मुलांना झोपण्यासाठी दुसरी जागा नव्हती. कापूस साठविण्यासाठी बांधलेली ही इमारत संस्थेने घेतली, झाडून घेतली, भिंतींना चुना दिला आणि तिचेच वसतिगृह केले. उंचावरच्या लहान खिडक्या, जाडजूड भिंती आणि वर कौले. एवढ्याशा उजेडात अभ्यास करून आमच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडल्या. पुढे नवी वसतिगृहे उभी राहिली आणि गोदामात मोडकी बाके, गंजलेल्या खाटा व जुने दप्तर जाऊन पडले.

या स्मरणिकेच्या निमित्ताने भरलेल्या सभांमध्ये गोदामाविषयी दोन मते पुढे आली. एका मतानुसार ती इमारत पाडून तेथे प्रशस्त सभागृह बांधावे. दुसऱ्या मतानुसार तिला हात न लावता, कुंपण घालून, ती स्मारक म्हणून राखावी. दोन्ही मतांमागे शाळेविषयीची आस्था आहे, याविषयी आम्हाला शंका नाही. तथापि पाडणे आणि कुलूपबंद करणे यांखेरीज तिसरा मार्ग असतो आणि जगभर अनेक ठिकाणी तो यशस्वी झाला आहे. तो कोणता, त्यासाठी काय करावे लागते आणि काय टाळावे लागते, याचा अभ्यास वाचकांपुढे ठेवावा, हा या लेखाचा हेतू आहे.

तीन शब्द, तीन अर्थ

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. ‘दुरुस्ती’ म्हणजे जे मोडले ते नीट करणे. ‘जीर्णोद्धार’ म्हणजे काळाच्या ओघात झाकले गेलेले वा नष्ट झालेले मूळ रूप, पुरावा असेल तेवढ्याच मर्यादेत, पुन्हा प्रकट करणे. ‘पुनर्वापर’ म्हणजे ज्या कामासाठी इमारत बांधली ते काम संपल्यानंतर तिला दुसरे, आजच्या गरजेचे काम देणे. ही तिन्ही कामे एकत्र चालू शकतात. परंतु कोणते काम कोठे करायचे आहे, हे ठरविल्याखेरीज गवंड्याला बोलावू नये.

१९६४ साली व्हेनिस येथे जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी जतनाची जी सनद तयार केली, तिच्यातील दोन तत्त्वे आजही मार्गदर्शक आहेत. पहिले असे की, समाजाला उपयोगी पडेल असे काम वास्तूला मिळाल्यास तिचे जतन सुकर होते. मात्र त्या कामापायी तिची रचना व सजावट बदलता कामा नये. दुसरे असे की, नव्याने घातलेला भाग मूळ वास्तूशी सुसंगत असावा, पण बारकाईने पाहणाऱ्याला तो नवा असल्याचे ओळखू यावे. जुन्याचा खोटा आव आणणे, हा इतिहासाशी केलेला अप्रामाणिकपणाच होय.

पॅरिसमध्ये १९०० साली बांधलेले ओर्से रेल्वे स्थानक १९८६ मध्ये कलासंग्रहालय झाले. लंडनमध्ये थेम्स नदीकाठचे बँकसाइड वीजनिर्मिती केंद्र १९८१ मध्ये बंद पडले आणि २००० साली तेथे ‘टेट मॉडर्न’ हे आधुनिक कलेचे दालन उघडले. आपल्या शेजारी गोव्यात मांडवीच्या तीरावरचा रेइश मागूश किल्ला पुढे तुरुंग म्हणून वापरला जात होता. तुरुंग हलविल्यानंतर त्याची डागडुजी झाली आणि २०१२ पासून तो सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांसाठी खुला आहे. मारिओ मिरांडा यांची चित्रे तेथे पाहावयास मिळतात. जेथे माणसे कोंडली जात होती तेथे आज मुले चित्रे पाहत हिंडतात. पुनर्वापराचा अर्थ समजण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

पुण्यातील दोन वाडे

आपल्या समाजाच्या दृष्टीने अधिक बोलकी उदाहरणे पुण्यातील आहेत. एकमेकांपासून पायी थोड्याच अंतरावर असलेल्या दोन वाड्यांचे भवितव्य कसे वेगळे झाले, ते पाहावे.

पहिला विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो राहण्यासाठी बांधविला. पेशवाई बुडाल्यावर वाडा ओस पडला असता; परंतु १८२१ साली इंग्रज सरकारने तेथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ ते हेच. १८७९ मध्ये आगीत वाड्याचा बराच भाग जळाला, तो पुन्हा उभारण्यात आला. पुढे तेथे हायस्कूल भरले, नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कार्यालय आले. राजवाडा, पाठशाळा, शाळा, कचेरी अशी कामे बदलत गेली. प्रत्येक पिढीला त्या वाड्याची काही ना काही गरज राहिली आणि म्हणूनच सागवानी कोरीव खांबांचा तो दर्शनी भाग आजही उभा आहे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या पाठशाळेत सुरुवातीला ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता. म्हणजे इमारतीचे काम बदलले, पण तिचा दरवाजा सर्वांसाठी उघडला नव्हता. तो उघडण्याचा प्रयत्न याच शहरात एका दुसऱ्या वाड्यात झाला.

तो वाडा बुधवार पेठेतील भिडे वाडा. १८४८ साली जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी येथे मुलींची शाळा सुरू केली. या वाड्याला कोरीव खांबांची कीर्ती नव्हती. त्याचे मोल तेथे घडलेल्या कार्यात होते. राहत्या वाड्यातील खोल्यांमध्ये शाळा भरविणे, हाही पुनर्वापरच होता, आणि त्या काळातील सर्वांत धाडसी. परंतु शाळेनंतर त्या वाड्याला तिच्या स्मृतीस साजेसे काम कधी मिळाले नाही. खाली दुकाने राहिली आणि वरचा भाग खचत गेला. स्मारकाची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली, भाडेकरू व महापालिका यांच्यातील वाद न्यायालयात चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये जागा ताब्यात आली, तेव्हा वाडा राखण्याच्या स्थितीत उरला नव्हता. तो पाडण्यात आला. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही समाजाची इच्छा पूर्ण होईल. पण ज्या भिंतींनी त्या मुलींचा आवाज ऐकला त्या भिंती आता नाहीत.

दोष कोणाचा, हा या लेखाचा विषय नव्हे. बोध एवढाच की, वास्तूचा खरा शत्रू विलंब आहे. दर पावसाळ्याला थोडे थोडे खचणारे छप्पर सभेतील ठरावाची वाट पाहत नाही.

लंडनचे घर : काम बदलताना येणारे प्रश्न

तिसरे उदाहरण आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ या काळात बाबासाहेब आंबेडकर राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यास आणि ग्रेज इनमधील बॅरिस्टरीची तयारी यांचा तो काळ. रस्त्यावरच्या इतर घरांसारखेच हे एक घर. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले.

अनेकांना वाटले की, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. तेथील नियमांनुसार राहते घर संग्रहालय म्हणून वापरण्यास स्थानिक परवानगी आवश्यक असते. कॅम्डन नगरपरिषदेने ती २०१८ मध्ये नाकारली. राहण्याची जागा कमी होईल, हे त्यामागचे एक कारण होते. काही शेजाऱ्यांनी वर्दळ व गोंगाट यांविषयीही तक्रार केली होती. २०१९ मध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या संबंधित मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला.

या घटनेकडे केवळ जय-पराजय म्हणून पाहू नये. तिच्यातून दोन गोष्टी शिकता येतात. एक अशी की, ऐतिहासिक वास्तू म्हणजे कमानी आणि घुमट एवढेच नव्हे. एखाद्या साध्या खोलीत कोणी कोणत्या परिस्थितीत अभ्यास केला, यावरही तिचे महत्त्व ठरते. दुसरी अशी की, इमारतीचे काम बदलते तेव्हा तिच्याभोवतीचे सारेच बदलते. किती लोक येतील, कोणत्या वेळी येतील, वाहने कोठे उभी राहतील, शेजाऱ्यांना त्रास होईल का, हे प्रश्न भिंतीच्या रंगाइतकेच महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे आधी तयार ठेवली म्हणजे पुढचा मार्ग सोपा होतो.

भिंतीला श्वास घेऊ द्यावा

आता प्रत्यक्ष बांधकामाकडे वळू. जुन्या दगडी वा विटांच्या इमारती चुन्यात बांधलेल्या असतात. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, काही दिवस मुरवायचा, त्यात वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळून घाणीत मळायचा, अशी ती पद्धत. गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा असे पदार्थही त्यात घालत. हा चुना मऊ असतो आणि त्यातून वाफ ये-जा करू शकते. जमिनीतून चढलेली ओल त्यातून हळूहळू बाहेर पडते. भिंत किंचित हलली तर चुना तो ताण सहन करतो.

सिमेंटचे तसे नाही. ते कठीण आणि जवळजवळ बंद असते. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की ओल आतच कोंडली जाते, तिच्याबरोबर क्षार वर चढतात आणि गिलाव्यामागचा दगड, वीट व चुना भुसभुशीत होत जातो. बाहेरून भिंत भक्कम दिसते आणि आतून ती पोखरली जाते.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी गोदामाच्या पश्चिमेकडील भिंतीला आम्हीच मोठ्या हौसेने सिमेंटचा गिलावा करविला होता. दोन पावसाळ्यांत आतल्या बाजूने पोपडे सुटू लागले, भिंतीला लोणा धरला आणि हात फिरविला की दगडांच्या सांध्यांतील चुना पिठासारखा गळू लागला. ज्या भिंतींना आम्ही हात लावला नव्हता, त्या मात्र तशाच कोरड्या आहेत. चूक कबूल करण्यात कमीपणा नाही. ती पुन्हा करण्यात आहे.

योग्य रीतीने काम केले तर काय साधते, हे मुंबईतील भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहता येते. ही वास्तू १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांसाठी खुली झाली. तिच्या उभारणीसाठी झटणाऱ्यांमध्ये जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी हे होते आणि १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. कालांतराने इमारत खालावली. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि ‘इन्टॅक’ ही संस्था यांच्यात करार होऊन काम सुरू झाले. ओतीव लोखंडाचे खांब, फरशा, छतावरची नक्षी व सोनेरी वर्ख यांचे मूळ रूप कारागिरांनी परत आणले. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च जतन पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. पालिकेची मालकी, खाजगी प्रतिष्ठानाचा पैसा आणि तज्ज्ञ संस्थेचे ज्ञान अशी तिहेरी जोड येथे जमली. यांतील एकही दुवा निखळला असता तर एवढे यश मिळणे कठीण होते.

नवे काम देण्यापूर्वीचे चार प्रश्न

कोणत्याही जुन्या इमारतीला नवे काम देताना आमच्या मते चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न भाराचा. जुन्या लाकडी तुळया माणसांचा वावर पेलतात, पण पुस्तकांनी भरलेली कपाटे वरच्या मजल्यावर ठेवली की त्या वाकू लागतात. कागदाचे वजन आपण नेहमीच कमी धरतो. म्हणून तुळयांना वाळवी लागली आहे का, टेकू कोठे कुजले आहेत, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. छप्पर, पन्हाळी आणि पायाभोवतीचा उतार ही तीन ठिकाणे नीट असली तर निम्मे जतन झाले असे समजावे. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच मुळासकट काढावे. नवी स्वच्छतागृहे मूळ इमारतीच्या पोटात न घेता मागे स्वतंत्र बांधावीत. नळाची गळती जुन्या भिंतीला पावसापेक्षा अधिक घातक ठरते.

तिसरा प्रश्न आगीचा. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे जुन्या राजवाड्यात राष्ट्रीय संग्रहालय होते. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री तेथे आग लागली आणि सुमारे २ कोटी वस्तूंच्या संग्रहाचा फार मोठा भाग राख झाला. आगीचा उगम वातानुकूलन यंत्राच्या वीजजोडणीत असल्याचे तपासात आढळले. पॅरिसचे नोत्र दाम हे कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी पेटले, ते तर दुरुस्तीचे काम चालू असतानाच. जुन्या लाकडाला नवी वीज देताना किती सावध राहावे लागते, हे यावरून कळते. तारा नव्या व नळीतून नेलेल्या असाव्यात, आग विझविण्याची साधने हाताशी असावीत आणि बाहेर पडण्यास दोन वाटा असाव्यात.

चौथा प्रश्न प्रवेशाचा. वृद्ध माजी विद्यार्थी काठी टेकत येतील, चाकांच्या खुर्चीतून एखादा मुलगा येईल. त्यांना आत येता आले पाहिजे. उंबरठा न फोडता त्यावरून उतरती फळी बसविता येते आणि पुढे हवी तेव्हा ती काढताही येते. नवी भर शक्य तेवढी काढता येण्याजोगी असावी, हे तत्त्व येथे उपयोगी पडते. दरवाजा सर्वांसाठी उघडा असणे, ही आपल्या शाळेची तर पहिलीच अट आहे.

या चार प्रश्नांनंतर इमारत सुरक्षित करणे अशक्य आहे, असे तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले, तर हळहळ बाजूला ठेवून ती उतरविली पाहिजे. मुलांच्या डोक्यावर धोकादायक छप्पर ठेवून इतिहास जपता येत नाही. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा, कंटाळ्यातून आलेला नसावा.

अक्षयनीवी

राहिला पैशाचा प्रश्न. इमारत नीट करण्यासाठी देणगी मिळते, कारण उद्घाटनाच्या पाटीवर नाव येते. दर उन्हाळ्यात कौले चाळण्यासाठी मात्र कोणी देणगी देत नाही. अनेक वास्तू जीर्णोद्धारानंतर दहा-पंधरा वर्षांत पुन्हा खालावतात, त्याचे कारण हेच.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भूमीत सुमारे १९०० वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेणे दान देऊन तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ म्हणजे कधीही न मोडण्याची ठेव ठेवली. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने आणि दुसरीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने गुंतविले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. हिशेब पै-पैशाला जुळतो. दान देणाऱ्याने दगडाचा विचार केला तसाच त्या दगडात राहणाऱ्यांच्या दरवर्षीच्या गरजेचाही केला.

गोदामाविषयी आमचे म्हणणे

आता पुन्हा आपल्या गोदामाकडे येऊ. वसतिगृह म्हणून ती इमारत कधीच फारशी योग्य नव्हती. उंच, लहान खिडक्यांमुळे हवा कोंडते, हे तेथे झोपलेले सर्वजण जाणतात. सभागृहासाठी ती अरुंद आहे. मात्र ग्रंथालय आणि शाळेचा इतिहास सांगणारे दालन यांसाठी ती सोयीची आहे. वर मजला नसल्याने पुस्तकांचा भार थेट जमिनीवर येतो. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. उजेडासाठी भिंती फोडण्याची गरज नाही. अधूनमधून काचेची कौले बसविली तर पुरेसा प्रकाश येईल. ज्या ठिकाणी एका कंदिलाभोवती दहा मुले बसून वाचत होती, तेथे आजच्या मुलांनी वाचावे, याहून साजेसे काम कोणते असेल?

यासाठी आमच्या चार सूचना आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी छप्पर व पन्हाळी यांची तात्पुरती दुरुस्ती करावी. त्याच वेळी जाणकार अभियंत्याकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. पश्चिमेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काळजीपूर्वक काढून तेथे चुन्याचे काम करावे. आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून एक अक्षयनीवी निर्माण करावी, जिचे मुद्दल कोणीही मोडणार नाही आणि जिच्या व्याजातून दरवर्षी कौले चाळली जातील. या ठेवीचा हिशेब दर वर्षी सर्वांसमोर वाचून दाखवावा.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत गवंडी आहेत, सुतार आहेत, वीजतंत्री आहेत, अभियंते आहेत. ज्यांना पैसा देणे शक्य नाही त्यांनी चार दिवसांचे श्रम द्यावेत. ज्यांच्याकडे गोदामातील दिवसांचे छायाचित्र, पत्र वा वही असेल त्यांनी तिची प्रत द्यावी. कोणत्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता, घंटा कोठे टांगली होती, हे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्याकडून ते आताच लिहून घेतले पाहिजे.

जगात सर्व काही अनित्य आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गोदामही एक दिवस राहणार नाही. परंतु ते कोणत्या कारणाने जाईल, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. वापरून, सांभाळून, अनेक पिढ्यांना सावली देऊन गेलेली इमारत आणि कुलपाआड कुजून कोसळलेली इमारत यांत फार अंतर आहे. पहिला पाऊस जूनमध्ये येईल. त्याआधी छपरावर चढण्यास कोण कोण येणार, एवढे समाजबांधवांनी व माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यालयात कळवावे, ही नम्र विनंती.